राष्ट्राध्यक्षांची रात्रपाळी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पोलादपूरच्या एस. टी. स्टँडवर महाडच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाकावर शेजारी एक वयस्कर बाबा होते. मुंबईत गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि गावी येऊन राहिले. समोरून ओळखीचा एक तरुण आला. वाकून "जय भीम बाबा" म्हणाला.

"जय भीम. काय करतोस रे हल्ली?"

"कंपनीत आहे."

"कुठल्या कंपनीत? काम काय?"

"हाय असंच," असे म्हणून त्याने खिशातला मोबाईल काढला आणि त्यात बघत उभा राहिला.

वाचक बंधू-भगिनींनो, हा 'कंपनी' शब्द आपल्या घराघरांत आहे. महाडच्या एम. आय. डी. सी. त कंत्राटावर पिंपे उचलणारा, मुंबईत सोसायटीच्या दारावर बसणारा, पनवेलला हॉटेलात भांडी धुणारा, मॉलमध्ये लादी पुसणारा, सगळेच गावी आले की कंपनीत असतात. खोटे बोलावे म्हणून कोणी तसे सांगत नाही. आपल्याकडे काम विचारले की जात विचारल्यासारखे होते, म्हणून माणूस एका शब्दात वाट काढतो.

त्या पोराच्या उत्तरावरून मला अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षांची आठवण झाली. कॅन्सस राज्यात अ‍ॅबिलीन नावाचे एक लहान गाव आहे. तिथे लोण्याचा आणि बर्फाचा एक कारखाना होता. गावातला एक मुलगा १९०९ साली शाळा संपवून त्या कारखान्यात लागला. त्याचा बापही तिथेच कामाला. मुलाने आधी बर्फाच्या लाद्या ओढल्या, मग बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकला आणि शेवटी रात्रपाळीचा मुकादम झाला. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, आठवड्याचे सातही दिवस. हे काम तो आपल्या भावासाठी करीत होता. दोन भावांत करार झाला होता की एकाने वर्षभर कमवायचे, दुसऱ्याने शिकायचे आणि पुढच्या वर्षी अदलाबदल करायची. एडगर नावाचा भाऊ आधी कॉलेजात गेला. वर्ष संपल्यावर त्याने आणखी एक वर्ष मागितले. रात्रपाळीवाल्याने हो म्हटले. पुढे १९११ साली तो स्वतः फुकट शिक्षण मिळते म्हणून लष्करी शाळेत गेला. त्याचे नाव ड्वाइट आयसेनहॉवर. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपातल्या दोस्त सैन्याचा सरसेनापती झाला आणि १९५३ साली अमेरिकेचा अध्यक्ष.

आता यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. ५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एलएल. डी. ही सन्मानाची पदवी दिली. त्या वेळी कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्षपद आयसेनहॉवर यांच्याकडेच होते. समारंभाला मात्र ते नव्हते. आदल्याच दिवशी, ४ जूनला, ते आपल्या अ‍ॅबिलीन गावी निवडणुकीच्या प्रचाराचे पहिले मोठे भाषण करीत होते. आपण कसे गरिबीतून वर आलो हे अमेरिकेतल्या पुढाऱ्याला गावी जाऊन छाती पुढे काढून सांगता येते. लोणी कारखान्याची रात्रपाळी तिथे मत मिळवून देते.

ज्यांना ती पदवी मिळाली त्यांनी कोणकोणती कामे केली होती? बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांच्या नोकऱ्या मात्र फारशा कोणी सांगत नाही.

पहिली नोकरी तर मिळालीच नाही. साताऱ्याला असताना लहान भीमाने ऐकले होते की तिकडची पोरे मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागतात. आपणही जावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे असे त्याच्या मनाने घेतले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. आत्या कमरेला पैशांची पिशवी खोवून झोपत असे, ती चोरायचे त्याने ठरविले. बऱ्याच रात्री प्रयत्न केल्यावर पिशवी हाती लागली, तर आत फक्त अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने मुंबई गाठता येईना. मग पोराने गिरणीचा नाद सोडला आणि अभ्यासाला लागायचे ठरविले. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलेली आहे. आत्याच्या पिशवीत त्या रात्री दोन रुपये असते तर काय झाले असते, हा विचार गिरणगावात राहिलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो.

१९१३ साली बी. ए. होऊन ते बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले, पण थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सुभेदार रामजी वारले आणि ती नोकरी तिथेच राहिली. मग सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती आणि अमेरिका. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते परत आले. करार असा की बडोद्याची दहा वर्षे सेवा करायची. सप्टेंबरात ते बडोद्याला गेले. कोलंबियातून एम. ए. होऊन आणि पीएच. डी. चा प्रबंध पुरा करून आलेला माणूस, महाराजांच्या कचेरीत अधिकारी. आणि शिपाई लांबूनच फायली टेबलावर फेकायचे. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला घोळका दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली खाली करा! त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास ते बडोद्याच्या सार्वजनिक बागेत एका झाडाखाली बसून होते.

इथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. १९१३ सालच्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षपदी वुड्रो विल्सन होते. हे आधी प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक आणि नंतर तिथलेच अध्यक्ष. मोठे विद्वान. त्यांच्याच कारकिर्दीत, त्याच वर्षी, वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळ्या कारकुनांना वेगळे बसविण्यास सुरुवात झाली. जेवायच्या खोल्या वेगळ्या, संडास वेगळे. म्हणजे बडोद्याच्या कचेरीतला शिपाई शिकलेला नव्हता म्हणून तसा वागला, असे समजण्याचे कारण नाही.

बडोद्याहून मुंबईला परत आल्यावर हाताला काम नव्हते. एका पारशी मित्राच्या ओळखीने बाबासाहेबांनी दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. मग शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची एक कचेरी काढली. होय, शेअर बाजाराचा सल्ला! अर्थशास्त्रात त्या काळी मुंबईत त्यांच्या तोडीची माणसे किती होती? सुरुवातीला गिऱ्हाइके आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळल्यावर येईनाशी झाली, आणि कचेरी बंद करावी लागली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, महिना साडेचारशे रुपये. पहिल्यांदा मुलांनी नाके मुरडली, मग दुसऱ्या कॉलेजांतली मुलेसुद्धा त्यांचे व्याख्यान ऐकायला येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी मात्र कुरकुर केली. साडेचारशे पगाराचा हा प्राध्यापक परळच्या बी. आय. टी. चाळीत राहून पै पै बाजूला टाकीत होता. मार्च १९२० मध्ये राजीनामा देऊन, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते लंडनला गेले. बडोद्यात लाठ्या घेऊन आले तेही पारशी आणि हा मित्रही पारशी. रमाईने चाळीत संसार कसा ओढला हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक आहे.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन आल्यावर वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते, तेही भथेनांनीच दिले. वकिली सुरू झाली, पण मोठे पक्षकार आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे कशाला येतील? म्हणून जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत अर्धवेळ नोकरी केली. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलांना ते व्यापारी कायदा शिकवीत. या तारखा पुन्हा एकदा वाचा. २० मार्च १९२७ या दिवशी महाडच्या चवदार तळ्यात उतरून ज्यांनी ओंजळीत पाणी घेतले, ते त्या दिवशी मुंबई कायदे कौन्सिलचे नवे नेमलेले सभासद होते, हायकोर्टाचे वकील होते आणि अर्धवेळ शिकवून संसार चालविणारे मास्तरही होते. तळ्यावरून मुंबईला परतल्यावरही ती शिकवणी एक वर्ष चालूच होती. वीस वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, ते देशाचे पहिले कायदामंत्री झाले.

आपल्या महाड-पोलादपूरच्या मातीत मोठ्या पदाला पोहोचलेली माणसे आणखीही आहेत. महाड तालुक्यातल्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीलाही उभे राहिले. ती निवडणूक व्ही. व्ही. गिरींनी जिंकली. देशमुखांची पहिली नोकरीच आय. सी. एस. साहेबाची, तेव्हा आजच्या विषयात त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या नांदवीचे मनोहर जोशी यांची गोष्ट वेगळी. पाचवीला ते महाडच्या शाळेत होते, पुढे पनवेलला. तिथे गोल्फच्या मैदानावर साहेब लोकांच्या हाताखाली बॉय म्हणून काम केले, मुंबईत एका शिकवणी वर्गात शिपाई होते, नंतर महापालिकेत कारकून. १९९५ साली मुख्यमंत्री झाले, पुढे लोकसभेचे सभापती. २०२४ साली ते वारले. कष्ट त्यांचे खरे, ते नाकारायचे कारण नाही. पण गरीब ब्राह्मण मुलाला त्या काळी कोणाच्या तरी घरी वार लावून जेवता येत असे, कोणाच्या ओटीवर अंथरूण टाकता येत असे. आपल्या मुलाला त्या घरांत ताट कोणी वाढले असते? आणि त्यांच्याच कारकिर्दीत, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली, तेही कोणी विसरलेले नाही.

शिपायाचे काम केले म्हणून माणूस शिपायाच्या बाजूचा होतोच असे नाही. याचे अमेरिकेतले उदाहरण फार बोलके आहे. अँड्र्यू जॉन्सन नावाचा एक अध्यक्ष होऊन गेला. बाप लहानपणीच वारला, शाळा एक दिवसही नाही. आईने त्याला शिंप्याकडे कराराने बांधून दिले. १८२४ साली तो तिथून पळाला तर मालकाने त्याला पकडून देणाऱ्याला दहा डॉलरचे बक्षीस जाहीर केले. पुढे त्याने टेनेसी राज्यात स्वतःचे दुकान थाटले. शिवता शिवता दुसऱ्यांकडून पुस्तके वाचून घेतली. लिहिणे आणि हिशेब बायकोने शिकविले. त्या राज्याचा गव्हर्नर झाल्यावरसुद्धा त्याने स्वतःच्या हाताने कपडे शिवून भेट दिले.  वाचायला किती गोड वाटते. पण स्वतः बांधील कामगार असलेल्या या शिंप्याने पुढे गुलाम बाळगले, आणि लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झाल्यावर, १८६६ साली, नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांना नागरी हक्क देणारा कायदा नामंजूर करून परत पाठविला. तिथल्या काँग्रेसने त्याला न जुमानता तो पास केला.

त्याच आडनावाचा दुसरा अध्यक्ष लिंडन जॉन्सन. कॉलेजचे पैसे संपले म्हणून १९२८ साली टेक्ससच्या कोटुला गावी, मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत मास्तर झाला. ती मुले उपाशीपोटी शाळेत यायची. पगारातून त्याने मुलांना खेळायचे सामान आणले. १९६४ साली नागरी हक्कांचा आणि १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा याच्या सहीने झाला. या माणसाच्या नावावर व्हिएतनामचे युद्धही आहे, पण कोटुलाची ती पोरे तो विसरला नाही, हे त्याने भर सभागृहात सांगितले होते.

आणि लिंकन तर आपल्या सर्वांच्या ओळखीचा. होडीवर माल नेणारा, लाकडे फोडणारा, दुकान काढून कर्जात बुडालेला. १८३३ ते १८३६ तो न्यू सेलम खेड्याचा पोस्टमास्तर होता. लोकांची पत्रे टोपीत ठेवून फिरायचा. पोट भरेना म्हणून जमीन मोजायचे कामही शिकला. कर्जापायी त्याचा घोडा आणि मोजणीची हत्यारे लिलावात निघाली, तेव्हा एका मित्राने ती विकत घेऊन त्याला परत दिली. भथेनांची आठवण होते ना? फरक एवढाच की लिंकनच्या टोपीतले पत्र घ्यायला कोणी मागे सरले नाही.

आपल्या महाडला असे पहिले पद मिळाले ते पलटणीतल्या माणसाला. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले आणि १८९५ साली सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. बोर्डातल्या सवर्ण सभासदांनी त्यावर गहजब केला. या माणसाने आयुष्यभर बंदूक धरली होती, अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तक लिहिले होते. त्याच्या शेजारी खुर्चीवर कसे बसायचे, हा त्या सभासदांचा प्रश्न होता. महाराष्ट्राला पहिला दलित मुख्यमंत्री मिळायला त्यानंतर शंभरावर वर्षे गेली. सुशीलकुमार शिंदे हे सोलापूरच्या सत्र न्यायालयात लहानशा नोकरीला होते, मग मुंबईत पोलीस फौजदार झाले आणि २००३ साली मुख्यमंत्री.

पण रात्रपाळीचा विषय अजून संपलेला नाही. केरळच्या उळवूर गावचे के. आर. नारायणन लहानपणी रोज कित्येक मैल चालत शाळेला जात. फी थकली की वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकत. पुस्तके विकत घ्यायची ऐपत नव्हती. मोठा भाऊ नीलकंठन दम्याने घरात अडकलेला. तो इतर मुलांची पुस्तके मागून आणून हाताने उतरवून काढी आणि धाकट्याला देई. धाकटा पुढे त्रावणकोरात पदवी परीक्षेत पहिला आला, वर्तमानपत्रांत बातमीदार झाला, टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकला आणि २५ जुलै १९९७ रोजी भारताचा राष्ट्रपती झाला.

आमच्या घरीही नीलकंठन होते. सुभेदार रामजींना दोन्ही मुलांना शिकविणे झेपेना, तेव्हा थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले आणि भीमराव शिकत राहिले. पुस्तक हवे असले की रामजी लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणायचे आणि गहाण टाकायचे. परळच्या डबक चाळीतली ती एकच खोली. त्यातच चूल, सरपण, माणसे. दोघांना एका वेळी पाय पसरायला जागा नाही. म्हणून मुलगा आधी झोपे आणि बाप जागा राही. रात्री दोन वाजता बाप मुलाला उठवी, मुलगा दिव्याजवळ अभ्यासाला बसे, आणि मग त्याच जागेवर म्हातारा अंग टाकी. गिरणीच्या खोल्यांतून पाळीपाळीने झोपलेल्या आपल्या लोकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

पोलादपूरच्या स्टँडवर महाडची गाडी अर्धा तास उशिरा आली. तेवढ्यात मी बाबांना ही डबक चाळीची गोष्ट सांगत होतो. बाबा म्हणाले, "आमच्या खोलीत आम्ही सोळा जण होतो. माझी रात्रपाळी सुटली की दिवसपाळीवाल्याच्या चादरीत शिरायचो, ती गरमच असायची." तो तरुण मोबाईल खिशात ठेवून ऐकत होता. गाडीत चढताना तो मागे वळून म्हणाला, "बाबा, मी पण रात्रपाळीच करतो. केमिकलच्या कंपनीत, पिंपं धुतो. बहिणीला नर्सिंगला घातलीय."

"कितवं वर्ष?" बाबांनी विचारले.

"दुसरं."

"मग अजून किती राहिलं?" असे म्हणत बाबांनी खिडकीकडची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्याला शेजारी बसायला जागा करून दिली.